धावपट्टीशेजारचा दहावा

पिंडाला कावळा शिवेना.

ओढ्याच्या काठी दर्भावर भाताचा पिंड मांडलेला, त्यावर दह्याची धार, शेजारी तात्यांच्या आवडीची कांदाभजी, कपभर गोड चहा आणि तंबाखूची चिमूट असा सगळा थाट करून मंडळी मागं सरकून बसली होती. उन्हं अंगावर आली तरी आभाळात पाखरू म्हणून दिसत नव्हतं. "काव काव" करून गुरुजींचा घसा बसला. म्हातारी माणसं कपाळाला हात लावून मंठ्याच्या दिशेला बघत होती, जणू कावळा तिकडच्या एसटीनं येणार होता. आणि तात्यांचा थोरला मुलगा बद्रीनाथ, मुंडण केलेल्या डोक्यावर उपरणं ओढून, कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

कारण कावळे का येत नाहीत हे त्याला चांगलं ठाऊक होतं. बोरखेडीचे कावळे त्यानंच घालवले होते.

त्याचं असं झालं. गावाजवळून नवा रस्ता गेला, त्याचा एक सरळसोट तुकडा मुद्दाम रुंद आणि मजबूत बांधलेला होता. वेळप्रसंगी हवाई दलाचं विमान तिथं उतरावं, अशी योजना. रस्ता झाल्यावर सरावासाठी दिवस ठरला, तंबू पडले, वायरलेसच्या गाड्या आल्या आणि तुकडीची सुरक्षा सांभाळायला आली फ्लाइट लेफ्टनंट दीपमाला. ती निघाली आपल्या अंबडची. तिचे वडील साहेबराव अंबडच्या शाळेत मास्तर होते, हे कळल्यावर गावाला ती निम्मी घरचीच वाटायला लागली. तिनं शाळेच्या मैदानात गाव गोळा केलं आणि समजावून सांगितलं, की धावपट्टीवर कुत्रं नको, जनावर नको, उडती पिशवी नको, खडासुद्धा नको. आणि सगळ्यात नको ते पाखरू. विमानाचं इंजिन पुढून हवा ओढून घेतं, त्या ओढीत कावळा जरी सापडला तरी आतली पाती तुटतात, आणि जमिनीलगत आलेल्या वैमानिकाला सावरायला सवड उरत नाही.

"एवढ्याशा कावळ्यानं?" कुणीतरी विचारलं होतं.

"कावळा एवढासाच असतो काका," ती म्हणाली होती. "पण विमान त्या वेगात असतं, तेव्हा समोरचा कावळा नुसता कावळा राहत नाही, दगड होतो."

गावातल्या निम्म्या लोकांना ते पटलं नाही, पण बद्रीनाथ त्या दिवसापासून पार भारावला. रोज सकाळी तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहायचा. हवाई दलाची माणसं रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एका रांगेत उभी राहत आणि माना खाली घालून, पावलागणिक रस्ता निरखत चालत. खडा, खिळा, बाटलीचं झाकण, जे दिसेल ते उचलून पिशवीत टाकत. त्या रांगेत दीपमाला असायची, आणि तिच्याहून मोठे, डोकं पिकलेले साहेबही असायचे. बद्रीनाथनं आजवर मोठे साहेब खुर्चीत बसलेलेच पाहिले होते. रस्त्यावरचा खडा वाकून उचलणारा साहेब त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिला आणि मनातल्या मनात त्याला दंडवत घातला. वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी नळी, आगीचा बंब इंजिन सुरू ठेवून उभा करायची ती पद्धत, एकानं सांगितलेलं दुसऱ्यानं पुन्हा म्हणून दाखवायची ती वायरलेसवरची शिस्त, सगळंच त्याला देवळातल्या पूजेसारखं वाटायचं. विमान टेकणार डोळ्याचं पातं लवेपर्यंत, आणि तयारी मात्र महिनाभर. माणसाच्या जिवाला इतकं जपणारं सरकारी काम त्यानं पाहिलं नव्हतं, आणि तो हे भेटेल त्याला सांगायचा.

मग गावानं पक्षी समिती केली आणि बद्रीनाथला तिचा प्रमुख केलं. त्यानंतर त्यानं जे केलं त्याला तोड नाही. रस्त्यालगतचे उकिरडे हलवले. कोंबडीवाल्याची पिसं-आतडी खोल खड्ड्यात पुरायला लावली. मेलेलं जनावर माळावर टाकायची सोय बंद केली. बायकांना ताकीद दिली की शिळी भाकरी भिरकावायची नाही. हुरड्याच्या दिवसांत ज्वारी राखायला बाहेर निघणारी गोफण त्यानं अवेळी काढली आणि सकाळ-संध्याकाळ बाभळीवरचे कावळे उठवले. कावळा हा शहाणा पक्षी. इथं खायला नाही आणि बसायलाही देत नाहीत, हे कळल्यावर त्यानं बोरखेडी सोडली. दीपमालानं हद्द फिरून पाहिली आणि म्हणाली, "काका, इतकी स्वच्छ हद्द मी आमच्या तळावरसुद्धा पाहिली न्हाई." हे वाक्य बद्रीनाथनं जालन्यापर्यंत पोचवलं.

आता एक गोष्ट इथंच सांगायला हवी, कारण ती बद्रीनाथ स्वतःहून सांगणार नाही. परक्याच्या विमानासाठी रस्त्यावरचा खडा न् खडा उचलू पाहणाऱ्या या माणसानं सख्ख्या भावाची वाट मात्र दोन वर्षं काट्या टाकून अडवली होती. धाकटा सोमेश्वर जालन्यात मस्तगडला दुकान चालवायचा. वाटणीत त्याला मागचं शेत आलं आणि तिकडं जायची वाट बद्रीनाथच्या रानातून होती. एकदा सोमेश्वरच्या ट्रॅक्टरनं कपाशीची एक ओळ मोडली, शब्दाला शब्द लागला, आणि दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीच्या काट्यांचा ढीग पडला. तेव्हापासून सोमेश्वरचं रान पडीक होतं आणि भावाभावांतलं बोलणंही. म्हातारे कडूबा तात्या रोज म्हणायचे, "बद्री, वाट सोड." बद्रीनाथ रोज म्हणायचा, "बघतो." ते बघायच्या आतच तात्या झोपेत गेले.

आणि त्यांचा दहावा नेमका विमान उतरण्याच्या दिवशी आला.

बद्रीनाथ परवानगी मागायला गेला तेव्हा दीपमालानं उठून खुर्ची दिली, तात्यांची चौकशी केली आणि ओढ्याकाठी बसायला हरकत नाही म्हणाली. फक्त एकच विचारलं, "उघड्यावर अन्न नसेल ना, काका?" बद्रीनाथ ठामपणे म्हणाला, "बिलकुल न्हाई मॅडम. जेवण समदं घरी हाये." तो खोटं बोलला नव्हता. पिंड हे अन्न आहे, असं त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पिंड तो पिंड. दीपमालाच्या घरी पिंडाची रीत नव्हती, त्यामुळे तिलाही ते सुचलं नाही. बद्रीनाथनं समाधानानं मान हलवली आणि घरी येऊन गुरुजींना निरोप धाडला.

आता ओढ्याकाठी तेच समाधान त्याच्या गळ्याशी आलं होतं. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि जो तो ती शोधायला लागला होता. बद्रीनाथच्या मामांनी विचारलं, तात्यांचा जीव कशात अडकला असेल. सगळ्यांच्या नजरा दोन्ही मुलांकडं वळल्या. बद्रीनाथनं आपली नजर ओढ्यातल्या एका गोट्यावर रोवली. शेजारी बसलेली त्याची बायको वंदना पदराआडून पुटपुटली, "अहो, सांगून टाका की. कावळे तुमीच हाकलले म्हणून."

"गप राह्य," बद्रीनाथ म्हणाला.

सांगावं असं त्यालाही वाटत होतं. पण सांगायचं तरी कसं? स्वतःच्या बापाच्या दहाव्याचे कावळे हाकलणारा मुलगा म्हणून पाहुण्यांत नाव झालं असतं. त्यात तात्यांचं बोलणं आठवलं. गोफण फिरवताना पाहून ते अंगणातल्या बाजेवरून म्हणाले होते, "समदे नको हाकलू बाबा. माझ्यापुरता एक ठेव." तेव्हा बापलेक दोघंही हसले होते.

इतक्यात सोमेश्वर उठला. पिंडासमोर गेला, हात जोडले आणि म्हणाला, "तात्या, मी रान इकणार व्हतो. न्हाई इकत. तुमच्या हातचं रान हाये, ठेवतो."

सगळे वर बघायला लागले. कावळा नाही. सोमेश्वरनं जरा वेळ वाट पाहिली आणि म्हणाला, की मायच्या डोळ्याचं ऑपरेशन जालन्याला नेऊन तोच करील आणि बरं वाटेपर्यंत तिला आपल्याकडं ठेवील. तरीही आभाळ कोरडंच. मग त्यानं दर वर्षश्राद्धाला बायकापोरांसकट गावी यायचं कबूल केलं. बद्रीनाथ चाट पडला. ज्या भावाला दोन वर्षांत एका शब्दानं वाकवता आलं नव्हतं, तो वचनामागून वचन देत होता, आणि त्यासाठी बद्रीनाथला काहीच करावं लागत नव्हतं. कावळा आणखी थोडा लांबला तर काय बिघडलं, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. तो त्यानं झटकला, पण अगदी लगेच नाही.

"आता थोरल्यानं बोलावं," मामा म्हणाले.

तात्यांची इच्छा काय होती हे बद्रीनाथला नक्की माहीत होतं. पण त्याचबरोबर कावळा न येण्याचं खरं कारणही त्याला माहीत होतं, आणि या दुसऱ्या माहितीला तो घट्ट धरून बसला. कारण हवाई दलाचं आहे, वाटेचा काय संबंध? तो उठला, हात जोडले आणि म्हणाला, "तात्या, सगळ्यांना सांभाळीन." हे इतकं गुळमुळीत होतं की गुरुजींनीसुद्धा वर पाहिलं नाही.

गुरुजींना पुढं मंठ्याला जायचं होतं. त्यांनी सुचवलं, की दर्भाचा कावळा करून शिववतात, शास्त्रात सोय आहे. त्यावर तात्यांची बायको द्वारकाबाई सकाळपासून पहिल्यांदा बोलली. "गवताचा कावळा जाऊन काय सांगल त्यांना? खरा येईपतूर मी हितून उठत न्हाई, अन् तोंडात पानी घेत न्हाई." म्हातारीनं पदर खोचला आणि मांडी घालून बसली. गुरुजींनी दर्भ परत पिशवीत ठेवला.

आणि तेवढ्यात आला. कुठून कोण जाणे, एक एकटा कावळा पलीकडच्या बाभळीवर येऊन बसला. त्यानं मान वाकडी करून भज्यांकडं पाहिलं. कावळा एक फांदी खाली आला, मग काठावरच्या दगडावर उतरला, दोन उड्या मारल्या.

धाडकन बार झाला.

कावळा मंठ्याच्या दिशेला नाहीसा झाला. झुडपामागून हातात फटाक्यांची पिशवी घेतलेला हवाई दलाचा एक जवान आला. त्याच्या चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचा आनंद होता. बद्रीनाथला पाहताच त्यानं टाच जुळवून कडक सलाम ठोकला. "चीफ साहब, एक रह गया था. भगा दिया."

सगळी मुंडकी बद्रीनाथकडं वळली.

"चीफ?" सोमेश्वर म्हणाला. दोन वर्षांनंतर भावाला उद्देशून हा त्याचा पहिला शब्द होता. "दादा, कावळे तू हाकलले?"

बद्रीनाथनं उपरणं आणखी खाली ओढलं. शेवटी वंदनानंच सगळं सांगून टाकलं. समिती, उकिरडे, गोफण, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. "मंग मी सकाळपासून वचनं कामून देऊन राह्यलो?" सोमेश्वरनं विचारलं. त्याला उत्तर द्यायच्या आत जवानाचं लक्ष पिंडाकडं गेलं आणि त्याचा आनंद मावळला. विमान ज्या बाजूनं खाली येणार, नेमकं त्याच बाजूला उघड्यावर भात, दही आणि भजी. त्यानं वायरलेस तोंडाशी धरला.

दीपमाला जीपमधून आली. पिंड पाहताच तिला आपली आणि बद्रीनाथची दोघांचीही चूक एकदमच कळली. ती बद्रीनाथवर चिडली नाही, पण हललीही नाही. पिंड आत्ताच्या आत्ता उचलायला हवा, म्हणाली. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, मामा उठून उभे राहिले. बद्रीनाथ पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, एक कावळा सोडा. एकच. शिवला की आमीच हाकलतो त्याला."

"काका, इतके दिवस माझ्या शेजारी उभं राहून तुमीच बघितलं ना?" दीपमाला हळू आवाजात म्हणाली. "एकच कावळा लागतो. विमान यायला निघालंय."

ती म्हणत होती त्यातला शब्द न् शब्द बद्रीनाथनं गेला महिनाभर गावाला ऐकवला होता. ती मग सरळ द्वारकाबाईसमोर जाऊन उकिडवी बसली. म्हातारीनं तिच्याकडं निरखून पाहिलं आणि विचारलं, "त्या इमानात कोन हाये?"

"आमच्यातलाच एक जण हाये, आजी. पानिपतकडचा. तळावर परत उतरला की आधी आईला फोन करतो. ती तिकडं वाट बघत बसलेली असती."

द्वारकाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, भज्यांची रिकामी टोपली घेतली आणि स्वतःच्या हातानं पिंडावर पालथी घातली. वर एक दगड ठेवला. "तिचा आधी उतरू दे," ती म्हणाली. "आमचे तात्या थांबतील. त्यांना कुठं जायचंय आता." दीपमालानं वाकून तिच्या पायाला हात लावला आणि वायरलेसवर हद्द मोकळी असल्याचं कळवलं. सांगताना तिचा शब्द एकही चुकला नाही.

मग ते आलं. आधी नुसता ठिपका दिसला, मग डोंगर फुटावा तसा आवाज, आणि बघता बघता ते लढाऊ विमान मंडळींच्या माथ्यावरून खाली झेपावलं, रस्त्याला टेकलं, चाकांखालून धूर निघाला, आणि रस्ता संपायच्या आत नाक वर करून पुन्हा आभाळात घुसलं. दहावा आहे हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. गुरुजी टाळ्या वाजवत होते. सोमेश्वरनं नकळत भावाचा दंड पकडला होता. बद्रीनाथच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. आपण उचललेला एखादा उकिरडा, हाकललेला एखादा कावळा, त्या पोराच्या आणि मरणाच्या मधे उभा राहिला असेल, या विचारानं त्याची छाती भरून आली. तात्यांनी हे पाहायला हवं होतं, असं त्याला फार वाटलं. दीपमाला टोपी सरळ करून आभाळाकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू लपत नव्हतं.

विमान गेलं तशी राखणही उठली. जवानानं फटाक्यांची पिशवी बांधली, जाताना पिंडाला हात जोडले, आणि दीपमालाची जीप तंबूंकडं गेली. टोपली काढली, मंडळी पुन्हा मागं सरकून बसली. मामांनी सोमेश्वरला विचारलं, की कावळ्यांचं कारण तर कळलं, मग त्या वचनांचं काय. सोमेश्वर म्हणाला, "कारण काय बी असू दे. तात्यासमोर बोललो ते बोललो."

बद्रीनाथला हे लागलं. पण अडचण आता टळली होती, पाखरं परत येणार हे त्याला माहीत होतं, आणि कावळा एकदा शिवला की कुणी कुणाला काही विचारणार नव्हतं. वाटेचं नंतर बघता येईल, सावकाश, घरच्या घरी. तो मनाशी हे ठरवतो न ठरवतो तोच बाभळीवर पंख फडफडले. कावळा उतरला. उड्या मारत पिंडाच्या अगदी जवळ आला, आणि त्यानं चोच पुढं केली. बद्रीनाथनं सुटकेचा श्वास सोडला.

"हाड!"

द्वारकाबाईनं हातातलं ढेकूळ भिरकावलं. कावळा दचकून उडाला आणि बाभळीवर जाऊन बसला. गुरुजी तोंड उघडं टाकून म्हातारीकडं बघत राहिले. असं काही त्यांनी पोथीत वाचलं नव्हतं.

"माय, हे काय?" बद्रीनाथ म्हणाला. "शिवत व्हता की त्यो."

"शिवू दिला असता. पन थोरल्याचं राह्यलंय अजून." तिनं वाकून दुसरं ढेकूळ उचललं. "म्हयनाभर तू कावळे हाकलताना मी बघत बसले व्हते. तुलाच येतंय व्हय हाकलायला?"

"मंग तुला ठावं व्हतं? कावळा कामून येत न्हाई ते?"

"तुला बी ठावं व्हतं," द्वारकाबाई म्हणाली, "तात्यांना काय पायजे व्हतं ते."

कावळा फांदीवरून खाली सरकला. म्हातारीनं हात उगारला, तो पुन्हा वर गेला. वंदना नवऱ्याकडं बघत होती आणि सोमेश्वर जमिनीकडं. बद्रीनाथ उठला. पिंडासमोर जाऊन उभा राहिला, आणि या खेपेला त्यानं डोक्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं.

"तात्या, चुकलं माझं," तो म्हणाला. "सोमाची वाट मोकळी करतो. काट्या काढतो." मग भावाकडं वळून, घसा खाकरत, "ट्रॅक्टर घेऊन ये. उद्या."

"उद्या कामून?" म्हातारीनं ढेकूळ तसंच धरून विचारलं.

"आज," बद्रीनाथ म्हणाला. "हितून उठलो की आधी तिकडं जातो. सोमा, तू बी चल."

सोमेश्वरनं मान हलवली. द्वारकाबाईनं दोघांकडं आळीपाळीनं पाहून घेतलं, हातातलं ढेकूळ खाली टाकलं, लुगड्याला हात पुसले आणि बाभळीकडं बघून म्हणाली, "ये बाबा आता."